३०० किलोमीटर आणि एक पावसाळा

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या सॅन स्टॉर्मचे ऑईल भरायचे झाकण मी उघडले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला ताकावर लोणी यावे तसा फिकट पिवळसर, मऊ थर जमलेला होता. बोटाने पुसून घेतल्यावर त्याला तेलाबरोबर पेट्रोलचाही हलका वास येत होता. मागच्या बारा महिन्यांत ही गाडी जेमतेम ३०० किलोमीटर चालली होती, आणि त्याच कारणाने तिचे ऑईल त्या वर्षी बदलायचे राहून गेले होते.

सॅन स्टॉर्म ही गोव्यात तयार झालेली, १९९८ च्या सुमारास बाजारात आलेली दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार आहे. तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे. आमची गाडी मामांची आहे. त्यांनी ती हौसेने घेतली, हौसेने जपली आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. साताऱ्यात शनिवार पेठेतल्या जुन्या घराच्या मागच्या पत्र्याखाली ती उभी असते. इतक्या कमी संख्येने बनलेल्या गाडीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे आहे ते इंजिन जपणे एवढाच मार्ग माझ्यापुढे आहे.

तो थर पाहून मी धास्तावलो आणि गाडी एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मिस्त्रींनी झाकणाकडे एक नजर टाकून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधली सील, गेल्याचे सांगितले आणि इंजिन खोलावे लागेल, असा निर्वाळा दिला. याच गॅरेजात वर्षभरापूर्वी मला ‘एवढ्याशा रनिंगला ऑईल कशाला बदलता साहेब’ असा सल्ला मिळाला होता. हेड गॅस्केट गेल्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ऑईलमध्ये उतरतो आणि असाच थर दिसतो, हे खरे आहे. परंतु तसे असते तर कूलंटची पातळी खाली गेली असती. आमच्या टाकीतली पातळी वर्षभर त्याच खुणेवर होती, कूलंटवर तेलाचा तवंग नव्हता आणि गाडी तापतही नव्हती. म्हणून मी इंजिन खोलू दिले नाही.

घरी येऊन मी एक जुनी परीक्षा करून पाहिली. टाकाऊ तवा अंगणात चांगला तापवून घेतला आणि डोळ्यांवर चष्मा चढवून डिपस्टिकच्या, म्हणजे ऑईलची पातळी पाहायच्या पट्टीच्या, टोकावरचा ऑईलचा एकच थेंब लांबून त्यावर सोडला. शुद्ध ऑईल अशा वेळी नुसते पसरते आणि धुरकटते. आमचा थेंब मात्र फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. तेलात पाणी असल्याशिवाय असा आवाज येत नाही.

हे पाणी आले कुठून, याचे उत्तर साताऱ्यात बहुतेक जण पावसाळी हवेकडे बोट दाखवून देतात. दमट हवेचा वाटा असतो, पण तो थोडा. खरे पाणी इंजिन स्वतः तयार करते. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते, आणि एक लिटर पेट्रोल जळाले की वाफेच्या रूपाने साधारण एक लिटरभर पाणी तयार होते. त्यातले जवळजवळ सगळे सायलेन्सरवाटे बाहेर जाते, परंतु थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना बगल देऊन खाली ऑईल चेंबरकडे उतरते. इंजिन थंड असेल तर हीच वाफ थंड पत्र्यावर, विशेषतः वरच्या झाकणाखाली, दवासारखी जमते. तिच्यासोबत न जळलेले पेट्रोल आणि आम्ल बनवणारे वायूही येतात. ऑईल पुरेसे तापले, म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही काळ राहिले, तर हे पाणी आणि बरेचसे पेट्रोल उडून ब्रीदरच्या, म्हणजे ऑईल चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून पुन्हा इंजिनात ओढले जाते व जळून जाते. ऑईल तेवढे तापलेच नाही तर ते तिथेच साठत राहते.

आमच्याकडून नेमके तेच होत होते. पावसाळ्यात गाडी बाहेर काढायची नाही, पण बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी पाच-सात मिनिटे सुरू करून ठेवायची, असा आमचा परिपाठ होता. खंडेनवमीला पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवले, गाडी हातभर पुढे घेतली आणि बंद केली. काळजी म्हणून आम्ही जे करत होतो तेच इंजिनाला सर्वांत जास्त बाधत होते, कारण थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, वाफ जास्त जमते आणि तापण्याच्या आतच आपण ते बंद करतो. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला की इंजिन गरम झाले असे आपण समजतो, पण तो काटा कूलंटचा असतो. ऑईल त्याच्या बरेच मागे राहते आणि रस्त्यावर भार घेऊन वीस-पंचवीस मिनिटे चालल्याशिवाय नीट तापत नाही. बॅटरीसाठी आता मी भिंतीवरच्या प्लगवर चालणारा, भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर लावतो, आणि गाडी सुरू करायचीच असेल तर ती यवतेश्वरचा घाट चढून कास रस्त्याने फिरवून आणल्याशिवाय बंद करत नाही. खंडेनवमीची पूजाही आता त्या फेरीला निघण्याआधी होते.

ऑईलला वंगणाखेरीज आणखी एक काम असते, ते म्हणजे तयार होणारे आम्ल मारणे. त्यासाठी त्यात अल्कधर्मी रसायने घातलेली असतात आणि ती हळूहळू संपत जातात. ती संपली की आम्ल बेअरिंगच्या मऊ धातूला लागते, आणि गाडी उभी असली तरी ते लागतच राहते. सर्व्हिस पुस्तिकांमध्ये किलोमीटरच्या आकड्याशेजारी ‘किंवा बारा महिने, जे आधी होईल ते’ असे छापलेले असते, त्याचे कारण हे आहे. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाने त्यातला फक्त दुसरा भाग वाचावा, असे मला मनापासून वाटते.

त्या ऑक्टोबरात मी ऑईल मुद्दाम थंडच काढले. एरवी ते गरम असतानाच काढावे, कारण मग ते पातळ होऊन तळातला मळ बरोबर घेऊन येते. परंतु पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे उभ्या गाडीत ते तळाशी बसते, आणि ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला राहवले नसते. रेनॉच्या या इंजिनाच्या ड्रेन प्लगला, म्हणजे ऑईल काढायच्या तळातल्या बुचाला, बाहेरून षटकोनी डोके नसते, आत ८ मिलिमीटरची चौकोनी खाच असते. तिला योग्य चौकोनी पानाच लावावा. भलत्या पान्याने जोर केला की खाच गोल होते आणि पुढचे सगळे काम अडते. मी प्लग सावकाश सैल केला. पहिल्यांदा आटे ओले झाले, मग गढूळ पाण्याचे सात-आठ थेंब एकामागून एक ताटलीत पडले, आणि त्यानंतर काळ्या ऑईलची धार सुरू झाली. त्या थेंबांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. नंतर साधे, स्वस्त ऑईल आणि नवा फिल्टर घालून गाडी तासभर फिरवली, ते ऑईलही गरम असतानाच काढून टाकले आणि मग चांगले ऑईल भरले. दुसऱ्या वेळी तव्यावर थेंब तडतडला नाही.

ऑईल कधी बदलावे, पावसाळ्याआधी की नंतर, यावर माझे मत आता पक्के झाले आहे. बरेच जण नंतर बदलतात, कारण ‘ताजे ऑईल चार महिने नुसते उभे कशाला ठेवायचे’ हा विचार वरवर पटणारा आहे. परंतु वापरलेले ऑईल घालून गाडी उभी करणे म्हणजे आम्ल आणि पाणी चार महिने बेअरिंगपाशी ठेवून देणे. नवे ऑईल चार महिन्यांत खराब होत नाही. म्हणून मृग लागण्याच्या आधी, मेच्या अखेरीस मी बदल उरकतो. सकाळी गाडी कासच्या रस्त्याने तासभर फिरवून आणायची, सपाट जागी आणून दहा मिनिटे थांबायचे आणि मगच खाली शिरायचे. जॅक चासीच्या मजबूत भागालाच लावायचा, फायबरला कधीही नाही, आणि घोड्या (गाडी पेलणारे आधार) लावल्याशिवाय गाडीखाली जायचे नाही.

ऑईलच्या ग्रेडबाबत, म्हणजे ते किती पातळ वा जाड असावे याबाबत, पुस्तिका सांगते तेच घालावे. जुने इंजिन म्हणून जाड ऑईल घाला, हा सल्ला मला अनेकांनी दिला. पण जाड ऑईल थंड इंजिनात वरपर्यंत पोहोचायला वेळ घेते, आणि चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीला तोच वेळ महागात पडतो. मी १०डब्ल्यू-४० वापरतो. फिल्टर घेताना जुना फिल्टर हातात घेऊन दुकानात जातो आणि आटे, रबरी कड्याचा व्यास व ऑईल परतू न देणारी आतली झडप तपासून घेतो. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. ऑईल एकदम न ओतता थोडे कमी भरायचे, मिनिटभर इंजिन चालवून बंद करायचे, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहायची आणि लागेल तसे वाढवायचे.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना मी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून, म्हणजे इंजिन सुरू होऊ न देता, पाच-पाच सेकंद स्टार्टर फिरवतो. ऑईलचा लाल दिवा विझला की फ्यूज परत बसवतो. इतक्या महिन्यांत वरच्या भागातले सगळे ऑईल खाली उतरलेले असते, आणि इंजिनाने जोर घेण्याआधी ते तिथे पोहोचलेले बरे.

काढलेले काळे ऑईल आमच्या भागात अजूनही वाशांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, किंवा सरळ गटारात ओततात. त्यात जड धातू आणि जळालेल्या पेट्रोलची विषारी संयुगे असतात, ते मातीत मुरले की विहिरीपर्यंत जाते. कायद्यानेही तो धोकादायक कचरा आहे. मी ते नव्या ऑईलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, वापरलेले ऑईल अधिकृतपणे उचलले जाते अशा सर्व्हिस सेंटरला देतो.

या वर्षीचा बदल मेच्या शेवटच्या रविवारी झाला. तारीख आणि किलोमीटरचा आकडा पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा झाकणाच्या गळ्यात दोऱ्याने बांधला आहे. परवा मामा पत्र्याखाली आले, त्यांनी तो वाचला, झाकण उघडून आतल्या बाजूला अंगठा फिरवला आणि स्वच्छ अंगठा मला दाखवला.