आतल्या टायरातली हवा

एप्रिलमधली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास हवालदारसाहेबांचा फोन आला. "मिस्त्री, काशीळच्या पुढं या लगेच. पंच म्हणून सही पाहिजे, आणि टायरचा एक तुकडा बघून सांगायचाय." आमचं दुकान हायवेलाच आहे, सातारा-कराडच्या मधल्या पट्ट्यात. पुढं पंक्चर, हवा, टायर बसवणं आणि मागच्या शेडमध्ये जुन्या टायरांना सोल चढवणं, म्हणजे लोक ज्याला रिमोल्ड म्हणतात ते काम. पोलिसांना टायरमधलं काही विचारायचं असलं की ते आम्हालाच बोलावतात. हवा मोजायचं गेज, टॉर्च आणि टायर उचकटायची लोखंडी टामी घेऊन मी निघालो.

शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरण चालू आहे. त्या टापूत कुठं रस्ता वळवलेला, कुठं डाव्या कडेला बॅरिकेड. जिथं अपघात झाला तिथं कडेला सरकायला जागाच नव्हती. मोटरसायकल आडवी पडलेली, रस्त्यावर एका बाईमाणसाची चप्पल आणि भंडाऱ्याची फुटलेली पुडी. पालीच्या खंडोबाचं दर्शन घेऊन नवराबायको साताऱ्याकडं परत निघाले होते. १०८ ची गाडी दोघांनाही घेऊन गेली होती. बाईंच्या मांडीचं हाड मोडलं होतं, मालकांना खरचटलं होतं. त्यांच्या डोक्यात हेल्मेट होतं. बाई एका अंगाने बसलेल्या, डोक्यावर फक्त पदर.

पाहणाऱ्यांनी सांगितलं ते असं. मोटरसायकलच्या पुढं एक उंच गाडी होती. रस्त्यात पडलेला टायरचा पट्टा तिने दोन्ही चाकांच्या मधून घेतला आणि ती सरळ निघून गेली. मागच्या मोटरसायकलवाल्याला तो पट्टा दिसला तेव्हा तो चाकाच्या पुढ्यातच होता. त्याने हँडल वळवलं, पुढचं चाक बॅरिकेडच्या पायाला लागलं आणि दोघं फेकले गेले. पट्ट्याला त्यांचं चाक लागलंसुद्धा नव्हतं.

हे लिहायचं खरं कारण इथंच आहे. आमच्या धंद्याच्या एका बैठकीत रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनचा अभ्यास दाखवला होता. २०११ ते २०१४ या काळात तिथं रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे दोन लाखांहून जास्त अपघात झाले आणि पाचशेहून जास्त माणसं गेली. त्या मृत्यूंपैकी सुमारे ३७ टक्के वस्तूला धडकून झालेले नव्हते, वस्तू चुकवायला गाडी एकदम वळवल्यामुळे झाले होते. त्या दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या गाडीच्या मागं चिकटून चाललं की रस्त्यावर काय पडलंय ते कळायला वेळच उरत नाही, आणि वेळ नसला की हात आपोआप हँडल वळवतो. अंतर ठेवलेलं असलं तर सरळ रेषेत वेग कमी करायला तेवढीच सवड मिळते. दुचाकीवाल्याला तर दुसरा उपायच नाही. चारचाकीवाल्यांनाही सांगतो, पट्टा चाकांच्या मधून घ्यायची हौस करू नका. गाडी बुटकी असेल तर तो खाली अडकतो, ब्रेकचा पाइप नाहीतर रेडिएटर फोडतो, आणि मागच्या चाकाखालून उडाला तर मागच्याच्या काचेवर जातो. पट्ट्यातल्या तुटक्या तारांनी पाठोपाठच्या गाड्या पंक्चर होतात ते वेगळंच.

हवालदारसाहेबांनी तुकडा कडेला ओढून ठेवला होता. जवळजवळ माझ्या उंचीइतका लांब. जमलेल्यांमधलं कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "रिमोल्डच असणार. हे रिमोल्डवालेच माणसं मारतात." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. टायर रिमोल्ड केलेला होता, ते मला लांबूनच दिसत होतं. नक्षी बाजारात मिळणाऱ्या पट्ट्याची होती, कंपनीच्या नव्या टायरची नव्हे. मी तुकडा उलटा केला.

सोल चढवताना आम्ही जुन्या टायरचा उरलेला वरचा थर खरडून काढतो, त्याला बफिंग म्हणतात. त्यावर चिकट रबराचा पातळ थर, त्यावर तयार नक्षीचा पट्टा, आणि मग तो टायर चेंबरमध्ये साधारण शंभर अंशांवर काही तास भाजायचा. काम कच्चं झालं असेल तर पट्टा त्या चिकट थरापासून सुटतो. अशा तुकड्याची आतली बाजू नुसती रबराची असते आणि तिच्यावर बफिंगचे ओरखडे बोटाला लागतात. इथं तसं काही नव्हतं. सोल चढवलेला सांधा कडेने जसाच्या तसा पक्का होता, नखही जात नव्हतं. सुटलं होतं ते त्याच्या खाली, टायरच्या मूळ पोटातून. पोलादी तारांचा थरच्या थर पट्ट्याबरोबर उपटून आला होता. तारांवरचा पितळी मुलामा दिसत होता, टोकं तुटून पिंजली होती. आणि तारांमधलं रबर चिकट झालेलं, निळसर झाक आलेलं. बोट दाबलं तर ठसा उमटत होता. रबर त्याच्या सोसण्यापलीकडं तापलं की असं होतं.

"साहेब, सोल उडालेला नाही. टायर आतून शिजलाय. केसिंग, म्हणजे टायरचं उरलेलं धड, बघायला पाहिजे," मी म्हटलं.

ट्रक सापडलाच होता. नागठाण्याच्या पुढं ड्रायव्हर कडेला गाडी घेऊन स्टेपनी चढवत बसला होता, गस्तीच्या गाडीतल्या पोरांनी त्याला तिथंच थांबवून ठेवलं होतं. दहाचाकी गाडी, कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे बिडाचे ओतीव भाग, भरून चाकणला निघालेली. ड्रायव्हर जतकडचा, तिशीतला. मोटरसायकलवरच्या बाईंबद्दल कळलं तेव्हा तो मटकन खाली बसला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. भरल्या गाडीत मागच्या जोडीतला आतला टायर फुटला तर केबिनमध्ये बसलेल्याला कळेलच असं नाही. बाहेरचा टायर वजन झेलत राहतो. त्याला आवाज आला तो मडगार्डवर तुकडे आपटायला लागल्यावर, आणि थांबायला जागा मिळेपर्यंत तो तसाच पुढं आला.

उतरवलेलं केसिंग त्याने गाडीला टेकवून ठेवलं होतं. मी टॉर्च आत मारला. साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतल्या बाजूने पूर्ण गोल एक सुरकुती पडली होती, आणि तळाशी ट्यूबच्या रबराचा काळा भुगा. इतका की मूठ भरली. भुगा एका क्षणात होत नाही. कमी हवेवर टायर कित्येक किलोमीटर पळालेला असतो तेव्हा आतून ट्यूब घासून घासून तो जमतो. व्हॉल्व्हचा दांडा रिममध्येच अडकून राहिला होता. त्याला टोपण नव्हतं, आणि आतली पिन दुसऱ्या टोपणाच्या टोकाने नुसती हलवली तर फिरली.

ड्रायव्हरला मी विचारलं, "पाव्हणं, निघताना हवा बघितली होती का?"

"बघितली की मिस्त्री. सगळ्या टायरवर रॉड मारून बघितला. आवाज चांगला होता."

त्याचं खोटं नव्हतं. सगळेच असं बघतात. पण रॉड मारून फक्त दोनच गोष्टी कळतात, टायर पार बसलाय की बसलेला नाही. ११० पौंड आणि ८० पौंड यांच्या आवाजातला फरक माझ्या कानालाही कळत नाही, आणि माझी हयात त्या आवाजात गेली. आमच्या धंद्यातला नियम असा की ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली पळालेला टायर बसलेल्या अवस्थेत पळाला असंच धरायचं, उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा रस्त्यावर घालायचा नाही. म्हणजे ११० च्या टायरात ८८ च्या खाली हवा गेली की संपलं. बाहेरून तो टायर उभाच दिसतो. जोडीत असला तर शेजारी त्याला उभा धरून ठेवतो.

तिथं उभ्या असलेल्या गस्तीच्या पोरांना मी समजावून सांगितलं ते इथंही सांगतो. लोखंडी तार हातात घेऊन एकाच जागी मागंपुढं वाकवत राहा, ती जागा आधी तापते आणि मग तुटते. हवा कमी असलेल्या टायरची साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला तशीच वाकते, मिनिटाला शेकडो वेळा. वर एप्रिलचं ऊन, खाली तापलेला डांबरी रस्ता, डोक्यावर बिडाचं वजन. ही उष्णता बाहेर पडायला वाट नसते, जोडीतल्या आतल्या टायरला तर वाराही लागत नाही. तारा आणि रबर यांची पकड सुटते, आणि वेगाने फिरणारा पट्टा बाहेर फेकला जातो. तो टायर नवा करकरीत असता तरी हेच झालं असतं.

रिमोल्डवर सगळा दोष टाकून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो तो एवढ्यासाठीच. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यासाठी मिशिगन विद्यापीठाने रस्त्यांवरचे ट्रक टायरचे तुकडे गोळा करून तपासले होते, २००८ मध्ये अहवाल आला. त्यात नव्या टायरांचे आणि रिमोल्डचे तुकडे साधारण त्याच प्रमाणात निघाले ज्या प्रमाणात ते टायर रस्त्यावर वापरात होते. विमानांचे टायरसुद्धा सोल चढवून पुन्हा वापरतात. कच्चं काम करणारे आमच्यात आहेत, नाही असं नाही, त्यांना पाठीशी घालायचं कारण नाही. पण या टायरवर ज्या कारखान्याची खूण होती तो माझा प्रतिस्पर्धी, माझी गिऱ्हाइकं ओढणारा. त्याचं काम चोख होतं आणि पंचनाम्यात मी तसंच लिहायला लावलं.

हवालदारसाहेब लिहीत असताना ट्रकमालकाचा फोन ड्रायव्हरने माझ्याकडं दिला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "सोलवाल्यावर क्लेम बसतो का बघा ना." मी त्यांना विचारलं, तुमच्या गाडीत हवेचं गेज आहे का? नव्हतं. ड्रायव्हरने मागितलं होतं का? मागितलं होतं. मग मी विचारलं की आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लांब नळी का बसवली नाही? आतल्या टायरपर्यंत हात घालून हवा बघायची म्हणजे गुडघ्यावर बसून, दोन चाकांच्या फटीत मनगट घुसवून काम करावं लागतं. पहाटे अंधारात, भरलेल्या गाडीखाली, रात्रभर जागलेला माणूस ते करत नाही. ती नळी आणि गेज मिळून एका रिमोल्डच्या पैशांपुढं काहीच नाही. मालक गप्प झाले. दोष ड्रायव्हरचाच, असं म्हणणं त्यांना सोपं होतं, पण हवा बघायचं साधनच दिलेलं नसेल तर तो काय बघणार?

मला एक गोष्ट राहून राहून टोचत होती. पट्टा रस्त्यावर पडल्यापासून ती मोटरसायकल तिथं येईपर्यंत त्या जागेवरून किती गाड्या गेल्या असतील. प्रत्येकाने तो चुकवला, पुढं गेला. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे. रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि कुठल्या बाजूची लेन एवढं सांगितलं की गस्तीची गाडी निघते. त्या दुपारी त्या तुकड्यासाठी एकही फोन आला नव्हता, पहिला फोन अपघाताचाच होता. उतरून पट्टा स्वतः ओढायला जा, असं मी कुणालाच सांगणार नाही. गस्तीची पोरंसुद्धा मागं गाडी आडवी लावून, कोन मांडून, एकाने लाल झेंडा धरल्याशिवाय लेनमध्ये पाय टाकत नाहीत. तारांसकट पट्ट्याचं वेटोळं उचलताना कंबर धरते, आणि ते ओढत असताना तुमची पाठ ताशी शंभरने येणाऱ्या गाडीकडं असते. त्या दिवशी काशीळ ते नागठाण्याच्या दरम्यान त्यांनी आणखी तीन तुकडे उचलले. एक तर दुभाजकाला लागून, ओव्हरटेक करणाऱ्यांच्या लेनमध्येच पडला होता.

बाईंची बातमी नंतर त्यांच्या यजमानांकडून मिळाली. मांडीत सळई घालावी लागली, पावसाळा संपेपर्यंत काठी सुटली नव्हती. शेतातली कामं त्या बघायच्या, ती त्या हंगामात भावकीने ओढली.

पंचनाम्यावर सही झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. ड्रायव्हरने विचारलं, "मिस्त्री, स्टेपनी बसलीय, निघू का? चाकणला माल रात्रीत पोचवायचाय." मी म्हटलं, थांब. गेज घेऊन गाडीभोवती फिरलो. पुढचे दोन्ही बरोबर, बाहेरचे टायर पाचदहा पौंडांनी इकडंतिकडं. मग गाडीखाली झोपून आतले बघायला लागलो. फुटलेल्याच्या शेजारचा बाहेरचा टायर तर संशयाचाच होता, सगळं वजन त्यानेच ओढलं होतं. पण दुसऱ्या बाजूच्या मागच्या जोडीत आतल्या टायरला गेज लावलं आणि काटा ७० वर थांबला. ड्रायव्हरला हाताला धरून खाली वाकवलं आणि काटा दाखवला. तो काही बोलला नाही. मालकांना फोन करून सांगितलं की दोन टायर उतरवून आतून बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही, हवालदारसाहेबांनीही मान डोलावली. दुकानातून पोराला जॅक आणि दोन चांगले टायर घेऊन बोलावलं, आणि आम्ही नट सोडायला घेतले.