नळाच्या वेळापत्रकावर चालणारे केंद्र

मांजरा खोऱ्यातल्या आमच्या शहराच्या उताराला, नाल्याच्या काठी, मलशुद्धीकरण केंद्र आहे आणि गेली कित्येक वर्षे मी त्याच्यासमोरून नाकाला रुमाल लावूनच जात आलो. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा आत गेलो. दुर्गंधी होती, पण ती बहुतेक सगळी सांडपाणी आत शिरते त्या जाळीपाशीच. तिथे दुधाच्या पिशव्या, केसांचे गुंते, सॅनिटरी पॅड आणि गुटख्याच्या पुड्या अडकलेल्या होत्या. (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, जाळीपर्यंत ही बातमी अजून पोहोचलेली दिसत नाही.)

वाळू आणि खडे खाली बसले की पुढचे काम जिवाणूंचे. आमच्याकडे एकाच मोठ्या टाकीत पाणी भरतात, ब्लोअरने तळातून हवा सोडतात, मग हवा बंद करून गाळ निवळू देतात आणि वरचे नितळ पाणी काढून क्लोरीन देऊन सोडतात. काही तासांनी पुन्हा तोच फेरा. जिवाणू पाण्यातली घाण खाऊन वाढतात, त्यांचे पुंजके जड होऊन तळाशी बसतात. नदीत हेच घडते, फक्त तिला त्यासाठी लांबचा प्रवास आणि भरपूर वाहते पाणी लागते, आणि आमच्या नदीत ते वर्षातले बरेच महिने नसते.

तिथल्या ऑपरेटरने एक लिटरच्या काचेच्या उभ्या नळकांड्यात टाकीतले पाणी भरून खिडकीत ठेवले. आधी ते पातळ चिखलासारखे होते. मग त्यात कापसासारखे तपकिरी पुंजके दिसू लागले, ते सावकाश खाली सरकले आणि अर्ध्या तासाने तळाशी गाळ व वर जवळजवळ स्वच्छ पाणी अशी सरळ रेघ पडली. त्या गाळाला ओल्या मातीसारखा वास होता. तो काळा पडून सडक्या अंड्यासारखा घाणेरू लागला, की हवा कमी पडते आहे असे समजायचे.

मात्र जिवाणूंना रोजच्या रोज सारखे खाद्य लागते आणि मराठवाड्यात नेमकी तिथेच अडचण येते. माणशी रोज १३५ लिटर पुरवठा आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. म्हणजे लाखभर वस्तीचे रोज सुमारे १ कोटी ८ लाख लिटर. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येते. पाण्याच्या दिवशी घरोघरी गोधड्यांपासून अंगणापर्यंत सगळे धुऊन निघते आणि एरवी बादलीबादलीने काटकसर चालते. वॉर्डांच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्याने केंद्रात रोज काही ना काही येते, पण मोठ्या वॉर्डाची पाळी असली की लोंढा, आणि मुख्य जलवाहिनी फुटली की नुसती धार. ती धार पाइपातच रेंगाळून सडते आणि काळी होऊन आत येते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोराडीच्या वीज केंद्राला नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी मिळते, हे वाचल्यापासून आमच्या नाल्यात सोडले जाणारे पाणी मला वाया गेलेलेच वाटते. अर्थात खालच्या अंगाचे शेतकरी ते वाया जाऊ देत नाहीत. नाल्यावर मोटारी लागलेल्या आहेत आणि दोन्ही काठांना घासचारा हिरवागार आहे.

ब्लोअरच्या खोलीत भिंतीवर वॉर्डनिहाय पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक चिकटवलेले होते. "तुमचा वॉर्ड कोणता, सर?" ऑपरेटरने विचारले. मी सांगितल्यावर त्याने ओळीवर बोट फिरवले आणि म्हणाला, "उद्या सुटणार. म्हणजे संध्याकाळपर्यंत तुमचं पाणी इकडं येईल."

आमच्या घराचा सेप्टिक टँक अजून उघड्या गटारीतच वाहतो. गल्लीत भुयारी गटार येऊन दोन वर्षे झाली, पण नवी फरशी फोडावी लागेल म्हणून जोडणी मीच लांबवली आहे. मी नुसती मान हलवली आणि बाहेर पडलो.