कागलच्या पुढचं तिकीट

कोल्हापूर स्टँडवर बेळगावला जाणाऱ्या दोन राज्यांच्या गाड्या शेजारी शेजारी लागतात. आपल्या लालपरीच्या पाटीवर ‘बेळगाव’, कर्नाटकच्या गाडीवर गोलमटोल कन्नड अक्षरांत ‘बेळगावी’. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकानं बारा शहरांची नावं बदलली, त्यात हेही आलं. रेल्वे स्टेशनची पाटी बदलली, पण स्टेशनचा कोड अजून जुनाच, बीजीएम. रेल्वेनं दोन्हीकडची मनं राखली म्हणायची. कंडक्टर मंडळी तर या भानगडीतच पडत नाहीत. कर्नाटकचा कंडक्टरसुद्धा कोल्हापुरात उभा असला की ‘निपाणी, संकेश्वर, बेळगाव’ असाच पुकारा करतो. गिऱ्हाईक ज्या नावानं चढतं, ते नाव खरं.

नावाचं असं निभावून जातं. भाड्याचं जात नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच वर्षी ११ जूनला कर्नाटकात ‘शक्ती’ योजना आली. तिकडं बायकांना साध्या गाड्यांत प्रवास फुकट, फक्त पत्ता कर्नाटकातला हवा आणि गाडी राज्यातल्या राज्यात धावणारी हवी. आपली सवलतही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. ही हद्द कागल सोडल्यावर दूधगंगेच्या पुलापाशी संपते.

मागं एकदा माझ्या पुढच्या सीटवर एक मावशी होत्या. मांडीवर शेंगांची पिशवी, लेकीकडं निपाणीला निघालेल्या.

“निपाणी. हाफ द्या.”

“मावशी, हाफ हद्दीपर्यंतच. पुढं फुल लागतंय.”

“का? पूल वलांडला की मी बाई न्हाई व्हय?”

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण मशीनला विनोद कळत नाही. मावशींनी कमरेची चंची सोडून सुटे पैसे एकेक करून मोजून दिले. त्यांची लेक मात्र निपाणीहून बेळगावला चकटफू जात असणार.

आपल्या तिजोरीतून आपल्याच मतदाराला सवलत, हे सरकारचं गणित मला कळतं. पण निपाणीकडच्या माणसाचं कोर्टकचेरीचं काम कर्नाटकात आणि मोठा दवाखाना कोल्हापुरात. त्यानं हे गणित कुठं मांडायचं? कुठल्या मार्गावर कुणी किती गाड्या सोडायच्या, याचा करार दोन्ही राज्यं करतातच. त्यातच हद्दीच्या दोन्ही अंगांच्या वीस-पंचवीस किलोमीटरना एकमेकांची सवलत लावली, तर कुणाचं महामंडळ बुडणार आहे? (बुडायचं ते आधीच गळ्यापर्यंत आलंय, ते सोडा.)

भाडेवाढीत बघा कसं एकमत होतं! २०२५ च्या जानेवारीत ५ तारखेला कर्नाटकानं १५ टक्के वाढवले, २५ तारखेला महाराष्ट्रानं १४.९५. पाच शतांशाचा मोठेपणा आपला.

आणि भाषेवरून कुठं ठिणगी पडली की गाड्याच बंद. त्याच फेब्रुवारीत तसं झालं. अशा वेळी वडापवाल्यांची, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी गाडीवाल्यांची, दिवाळी. वडापात हाफ नाही, ‘शक्ती’ नाही, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट नाही. मागच्या सीटवर तिघांच्या जागी पाचवा शिरला तरी कुणी उठवत नाही, तेवढीच काय ती सवलत.