तुम्ही विचारलंत म्हणून: "मोटरबोट का नाही घेत?"

दर गणपतीत कोणीतरी विचारतंच. मंडळाचा हॉल, हातात प्रसादाची प्लेट, आणि कोणीतरी काका येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "काय रे, अजून त्या होडग्यातूनच जातोस का मासे पकडायला? घे की एक चांगली बोट, लोनवर मिळते." मागून त्यांच्या सौ. म्हणतात, "आणि पकडलेला मासा सोडून देतो म्हणे!" मग दोघं माझ्याकडे असं बघतात की ह्याचा जॉब बरा चाललाय ना.

तर विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या वर्षी मोदक गरम असताना खाता येतील.

मी राहतो अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सॅव्हाना शहराजवळ. इथून पाऊणेक तासावर एबेनेझर क्रीक आहे. क्रीक म्हटलं की आपल्याला खाडी आठवते पण ही खाडी नाही, सॅव्हाना नदीला मिळणारा ओढा आहे, आणि नदी चढली की तिचं पाणी ह्या ओढ्यात मागे फुगतं आणि अख्खं जंगल पाण्यात उभं राहतं. बाल्ड सायप्रस आणि ट्युपेलोची झाडं, बुंधे खाली एवढे फुगलेले की दोघा-तिघांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत. पाणी कोऱ्या चहासारखं. घाण नाहीये हां, पानांतलं आणि सालींतलं टॅनिन उतरतं म्हणून तसा रंग. ह्याच ओढ्यावर डिसेंबर १८६४ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, युनियनच्या म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या एका जनरलने आपलं सैन्य पार झाल्यावर तरंगता पूल काढून घेतला आणि मागून आलेले, नुकतेच गुलामीतून सुटलेले शेकडो लोक अलीकडच्या काठावरच अडकले, घाबरून पाण्यात उतरले, कितीतरी बुडाले. हे वाचल्यापासून तिथे मोठ्याने बोलावंसं वाटत नाही. तसंही बोलायला कोणी नसतं.

आता बास नावाच्या माशासाठी लोक घेतात ती बास बोट म्हणजे काय, वीसेक फूट लांब, मागे दोनशेच्या वर हॉर्सपॉवरचं इंजिन, चकचकीत रंग. मोठ्या धरणाच्या पाण्यात राजेशाही चीज आहे, मी मित्राच्या बोटीत बसलोय, मजा येते, खोटं कशाला बोलू. पण दोन झाडांमध्ये चार फुटांची फट असेल तिथे ती काय करणार? माझी कॅनो, म्हणजे ते वल्ह्याचं होडगं, सोळा फूट लांब पण रुंदी तीन फूट, वीतभर पाण्यात तरंगते, आडवं झाड पडलेलं असलं तर उतरायचं, ओढायची, पलीकडे परत बसायचं. रजिस्ट्रेशन नाही, पेट्रोल नाही, गाडीच्या टपावर जाते.

पण हे झालं सोयीचं कारण. खरं कारण वेगळंय. मोटर असली की माणूस पळतो. पाच मिनिटं मासा लागला नाही की वाटतं पुढच्या वळणावर असेल, चावी फिरवली की निघाला, तिथे नाही तर त्याच्या पुढे, आणि संध्याकाळी हिशोब केला तर फिरलाय वीस मैल आणि बघितलं काहीच नाही. कॅनोत जेवढं पुढे जाल तेवढं स्वतःच्या खांद्यांनी परत यायचंय, त्यामुळे आपोआप त्याच झाडाशी पाच वेळा गळ टाकला जातो, आणि बास पुष्कळदा पाचव्या वेळेलाच लागतो.

कारण तो मासा आहेच तसा. लार्जमाउथ बास म्हणजे आपल्या जिताड्याचा स्वभाव घेतलेला गोड्या पाण्यातला मासा, नात्याने लांबचा, पण सवय तीच. मी पेणकडचा, जिताडा काय ते मला शिकवावं लागत नाही. सावलीत, बुडालेल्या लाकडाच्या आडोशाला गप्प उभा राहणार, समोरून काही गेलं की तोंड उघडून एका झटक्यात आत ओढणार. पाठलाग करण्यात त्याला फारसा रस नाही. म्हणून किडा (रबराचा असतो, आकडा त्याच्या पोटात लपवलेला, म्हणजे लाकडात अडकत नाही) अगदी बुंध्याला चिकटून पडला पाहिजे. हातभर बाहेर पडला तर तो मासा तुमच्यासाठी नाहीच असं समजा. मग काही करायचं नाही. बुडू द्यायचा. दोरी जराशी थरथरली किंवा उगाच बाजूला सरकली की समजायचं.

आणि आवाज. पाण्यातली थरथर माशाला अंगाच्या बाजूच्या रेषेने कळते, म्हणून मी तळाला जुनी योगा मॅट टाकलीय, वल्हं काठावर आपटत नाही, डबासुद्धा टॉवेलमध्ये गुंडाळलेला. एकटा असलो की पुढच्या सीटवर उलटा बसतो, म्हणजे कॅनोचं मागचं टोक पुढे करून चालवतो, त्याने वजन मधल्या बाजूला येतं, आणि पलीकडच्या टोकाला पाण्याचा कॅन ठेवतो नाहीतर वारा आला की नाक हवेत आणि आपण गोल गोल. उभं राहायचं नाही. हे मी सगळ्यांना सांगतो.

जे सांगत नाही ते हे की पहिल्याच वर्षी ओगीची नदीत मी नांगर कॅनोच्या कडेला बांधला, मध्यभागी, आणि प्रवाहात टाकला. प्रवाहाने कॅनो आडवी धरली आणि दोन सेकंदात मी, रॉड, थालिपीठांचा डबा, सगळं पाण्यात. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून आज लिहितोय. नांगर नेहमी टोकाला बांधायचा, आणि सुरी हाताशी ठेवायची. डबा मिळाला, थालिपीठं गेली.

मगरींचं विचारतात सगळे. आहेत, अ‍ॅलिगेटर आहेत, बहुतेक वेळा आपल्याला बघून बुडी मारतात, मोठा असेल तर मी वाट वाकडी करतो, वादच नाही. साप फांद्यांवर असतात, त्यातले बरेचसे बिनविषारी पाणसाप. मला खरी भीती गांधीलमाश्यांची. खाली झुकलेल्या फांदीत गळ अडकला म्हणून हिसका दिला आणि वरचं पोळं हललं तर कॅनोत पळायला जागा कुठेय?

आता काकूंचा प्रश्न, मासा सोडतो का. बासची चव चांगली असते. पण ह्या दलदलीच्या पाण्यात ऑक्सिजन कमी, तिथले जिवाणू हवेतून पडलेल्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते बारक्या जिवांतून छोट्या माशांत आणि छोट्यांतून मोठ्यांत साठत जातं, आणि बास सगळ्यांना खाणारा. राज्य सरकार नदीवार छापतं किती खावा आणि कोणी जपून खावा. म्हणून मोठा सोडतो, कधीतरी बारके सनफिश आणतो, ते बायको रवा लावून तळते.

पूर्वी अशी चैन नव्हती म्हणा. ह्याच जॉर्जियात २ जून १९३२ ला जॉर्ज पेरी नावाच्या गरीब शेतकरी पोराने ऑकमल्गी नदीच्या एका जुन्या वळणात, माँटगोमेरी लेकमध्ये, साध्या होडीतून २२ पौंड ४ औंसांचा बास काढला, म्हणजे दहा किलोच्या वर. विश्वविक्रम. तो थेट २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिता ह्याने गाठला, गाठलाच फक्त. पेरीने मासा वजन करून घेतला आणि घरी नेला, घरच्यांनी खाल्ला! माझ्या बाबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "हा शहाणा माणूस."

बाबा गेल्या एप्रिलमध्ये आले होते. पुढे बसवलं, गुडघे दुखतात म्हणून खाली उशी. तासभर एक शब्द नाही. मग एका सायप्रसकडे बोट दाखवून म्हणाले, "आपल्याकडे असतं तर इथे जिताडा बसला असता." मी टाकला, काही नाही. "परत टाक." परत टाकला. चौथ्या वेळेला दोरी सरकली आणि चारेक पौंडांची मादी, पोट भरलेलं, कॅनोचं तोंड फिरवून आम्हाला बुंध्याभोवती अर्धी चक्कर मारवली तिने. मी आकडा काढला, पाण्यात धरली, सोडली. बाबा पाण्याकडे बघत राहिले.

"चार माणसांचं कालवण सोडलंस तू."

मग माझ्या हातातला रॉड घेतला आणि त्याच झाडाशी टाकला.