ई-बुकला वेटिंग लिस्ट कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

लायब्ररीत काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. ई-बुक म्हणजे शेवटी एक फाइल, ती फाटत नाही, हरवत नाही, मग 'हे पुस्तक सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे, तुमचा नंबर चौदावा' असं का येतं? परवा एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, काउंटरवर तिच्या मागे गर्दी होती म्हणून मी 'तसा नियम आहे' एवढंच सांगून तिला पाठवलं आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं, कारण नियम आहे हे खरं, पण तो कुणीतरी कधीतरी ठरवलाय आणि का ते सांगता येतं. म्हणून आज नीट लिहिते.

मुळात सुरुवातीला रांग नव्हतीच. ४ जुलै १९७१, अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ. मायकल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याला तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर अकाउंट मिळालं, तेव्हा कॉम्प्युटरचा वेळ प्रचंड महाग, त्याचं चीज होईल असं काय करावं याचा त्याने विचार केला आणि ठरवलं की लायब्ररीत जे साठून आहे ते या मशिनवरून सगळ्यांना मिळालं पाहिजे. त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतः बसून टाइप केला, सगळा कॅपिटल अक्षरांत, कारण स्मॉल अक्षरं तिथे नव्हतीच. सगळ्यांना पाठवावा तर नेटवर्क बसेल असं त्याला सांगितलं गेलं, मग फाइल कुठे ठेवलीय एवढंच कळवलं आणि साधारण सहा जणांनी ती घेतली. प्रोजेक्ट गुटेनबर्गची, म्हणजे फुकट ई-बुकांच्या संग्रहाची, ही सुरुवात. सातवा कुणी आला असता तर आधीच्या सहांनी परत करायची वाट बघायचा प्रश्नच नव्हता, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अर्थात त्याला हे करता आलं कारण तो मजकूर कुणाच्या कॉपीराइटमधला नव्हता, आणि काम हाताने चालायचं म्हणून वेगही कमी, हजारावं पुस्तक यायला १९९७ साल उजाडलं.

पण वाचकाला नवीन पुस्तकंही हवी असतात, ती कॉपीराइटमधली. १९९८ मध्ये रॉकेट ई-बुक आणि सॉफ्टबुक अशी दोन रीडर यंत्रं बाजारात आली, अमेरिकेतल्या काही लायब्ररींनी तर त्यात पुस्तकं भरून ते यंत्रच वाचकाला घरी दिलं. त्याच वर्षी नेटलायब्ररी नावाची कंपनी निघाली, ती थेट लायब्ररींना ई-बुकं विकायची. प्रकाशकांच्या पोटात गोळा आला होता, एक प्रत लायब्ररीला दिली आणि अख्ख्या गावाने एकदम वाचली तर आमचं पुस्तक विकत कोण घेणार? मग तोडगा निघाला की फाइलने छापील पुस्तकासारखं वागायचं. लायब्ररीने एक प्रत घेतली तर एका वेळी एकच वाचक, दुसऱ्याने थांबायचं. तुमची वेटिंग लिस्ट ती ही. तांत्रिक अडचण कधीच नव्हती, तो व्यवहार होता.

लायब्ररींनी हे मान्य का केलं असंही विचारतात. मी त्यांना दोष देत नाही, नाही म्हटलं असतं तर नवीन पुस्तकं मिळालीच नसती आणि वाचक रिकाम्या हाताने गेला असता. पण एक गोष्ट निसटली आणि ती मला अजून लागते. छापील पुस्तक विकत घेतलं की ती प्रत आपली, ती उसनी द्यायला अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला विचारावं लागत नाही, लायब्ररी त्यावरच तर उभी आहे. फाइलचं मात्र लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी तेवढी मिळते, त्यामुळे किती दिवस द्यायची, किती वेळा द्यायची हे समोरचा ठरवतो.

आणि समोरची कंपनीच बुडाली तर? अगदी तेच झालं. डॉटकॉमचा फुगा फुटला, म्हणजे इंटरनेट कंपन्या धडाधड कोसळल्या, त्यात नेटलायब्ररी २००१ मध्ये अडचणीत आली, लायब्ररींनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं तिच्या सर्व्हरवर. शेवटी ओसीएलसीने, म्हणजे ओहायोत १९६७ साली सुरू झालेल्या लायब्ररींच्याच सहकारी संस्थेने, जानेवारी २००२ मध्ये ती विकत घेतली आणि पुस्तकं बचावली. हा प्रसंग ई-बुकच्या इतिहासात दोन ओळींत उरकतात, मला विचाराल तर तिथे जरा थांबायला हवं.

पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड पब्लिक लायब्ररीने ओव्हरड्राइव्ह या लायब्ररींना ई-बुकं पुरवणाऱ्या कंपनीच्या मदतीने घरबसल्या डाउनलोड सुरू केलं, मुदत संपली की फाइल आपोआप बंद, म्हणजे लेट फीची भानगडच नाही. मग २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने नियम आणला की ई-बुक २६ वेळा दिलं की लायसन्स संपलं, नवीन घ्या. कारण काय तर कागदी पुस्तक जुनं होतंच की. यावर ओक्लाहोमातल्या एका लायब्ररीच्या लोकांनी २६ पेक्षा जास्त वेळा बाहेर जाऊन आलेली छापील पुस्तकं कपाटातून काढून व्हिडिओत दाखवली, चांगली धडधाकट होती.

आता कुणी म्हणेल की लायब्ररींनी नुसतं सोसलंच. तसं नाही. डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या लायब्ररींनी १९९६ मध्ये एकत्र येऊन डेझी कन्सॉर्शियम काढलं, कारण कॅसेटच्या गठ्ठ्यात तिसरं प्रकरण शोधायचं म्हणजे फॉरवर्ड-रिवाइंड करत बसायचं. या संस्थेच्या डेझी पद्धतीने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ऐकणारा थेट प्रकरणावर, पानावर उडी मारू शकतो. हे सगळं पुढे २०११ च्या ईपब ३ या ई-बुकच्या फाइल फॉरमॅटमध्ये आलं, म्हणजे आज तुमच्या फोनमधलं ई-बुक मोठ्याने वाचून दाखवता येतं, हेडिंगवरून हेडिंगवर जाता येतं, त्यामागे या लायब्ररींची मेहनत आहे.

तर त्या मुलीला आता एवढंच सांगेन, नंबर चौदावा असला तरी नाव लावून ठेव. लांब रांग दिसली की आम्हाला त्याच पुस्तकाचं आणखी एक लायसन्स मागायला आधार मिळतो, नुसतं बघून परत गेलीस तर आम्हाला कळतच नाही. आणि तुम्ही सगळे, वाचून झालं असेल तर मुदत संपायची वाट बघू नका, अ‍ॅपमध्ये परत करायचं बटण असतं, ते दाबलं की पुढच्याला लगेच मेसेज जातो.