नव्या कॅमेऱ्यावर ही जुनी लेन्स का?

गळ्यात कॅमेरा दिसला की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच: कॅमेरा एवढा नवा, मग पुढे ही खरचटलेली लेन्स का? "बाबांची आठवण ना?" असं उत्तरही विचारणाराच देऊन टाकतो. मी मान डोलावते, सोयीचं पडतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. पैसे वाचतात.

बाबांकडे पेंटॅक्स के-1000 होता. हे मॉडेल 1976 ते 1997 बनत राहिलं. बॅटरी फक्त प्रकाश मोजायला, ती संपली तरी शटर चालायचंच. आमच्या घरी फोटो म्हणजे 36. समारंभ उरकला तरी रोलमध्ये चार-पाच शिल्लक असायचे आणि ते संपल्याशिवाय रोल धुवायला द्यायचा नाही, हा नियम. म्हणून अल्बममध्ये प्रत्येक लग्नानंतर आमच्या गॅलरीतली तुळस आहे.

त्या कॅमेऱ्यावरची 50 मिमी लेन्स एफ/2 पर्यंत उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. माझ्या डिजिटलसोबत आलेली झूम 45 मिमीला एफ/5.6 वरच थांबते. फरक तीन स्टॉपचा; दर स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणजे आठपट प्रकाशाचा. गुहागरला गणपतीत आरतीच्या वेळी आम्ही ट्यूबलाइट बंद करतो. निरांजनाच्या उजेडात झूमला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 12800 लागला तर हिला 1600 पुरतो. 12800 ला आत्याच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो. एवढं उघडणारी नवी लेन्स मिळते, पण तिची किंमत बघून मी दुकानातून चहा पिऊन परत आले.

बसते कशी, हा पुढचा प्रश्न. बाबांच्यासारख्या फिल्म एसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे अडकते तिथून, फिल्मपर्यंत 45.46 मिमी अंतर. माझ्या डिजिटल फुजीत आरसा नाही, तिथे 17.7. उरलेले जवळपास 28 मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अ‍ॅडॅप्टर. आत काच नाही की वायर नाही. मेनूत 'शूट विदाउट लेन्स' चालू करावं लागतं, नाहीतर लेन्सच नाही म्हणून कॅमेरा अडून बसतो. हे कळेपर्यंत माझी एक रविवार सकाळ गेली. सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे 50 ची लेन्स 75 सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. स्वयंपाकघरात फोटो काढताना मागे सरकत सरकत पाठ फ्रीजला टेकते.

आणि फोकस हाताने. दीड मीटरवर, एफ/2 ला, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सात सेंटीमीटरांचा. डोळे साधले तर कान गेले. भाचा धावत आला की मी मुकाट्याने झूम लावते. घरात धावणारं मूल असेल तर माझं ऐकून जुनी लेन्स घेऊ नका.

घेणारच असाल तर मागून टॉर्च मारून आत बघा. आमची दोन पावसाळे कातडी केसमध्ये पडून होती. कातडं ओल धरून ठेवतं. काढली तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. फोर्टात बोरा बाजारच्या एका कारागिराने खोलून पुसून दिली, पण कोटिंग खाल्लेला डाग राहिलाच. समोरून ऊन आलं की फोटो दुधात बुडवल्यासारखा येतो. आता ती हवाबंद डब्यात असते, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. (डबा लोणच्याचा नाही, आईला तसा संशय आहे.)

परवा बाबांच्या हातात कॅमेरा दिला. त्यांनी आईचा एक फोटो काढला आणि उजवा अंगठा रोल पुढे सरकवायला गेला. तिथे काहीच नव्हतं.

"किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

"दोनेक हजार."

ते उठले, गॅलरीत गेले आणि तुळशीसमोर उकिडवे बसले.