शृंगी घुबड बघायला जाताय? गाडी लांबच लावा

हे घुबड जिथं राहतं त्या ओढ्याचं नाव सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुरंदर तालुका, सासवडच्या पुढं, एवढंच.

दिवे घाट चढून वस्तीपाशी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. जानेवारीचे दिवस, हरभऱ्याला घाटे धरलेले. माझ्या पाठीवरची बॅग बघूनच वस्तीवरच्या आबांनी ओळखलं.

"घुबडाला आलाय न्हवं? गाडी हितंच लावा. परवा तिघं आली हुती. झोपलंय म्हणून ढेकळं मारली त्येला. उठलं, अन् कावळं लागलं मागं. पार त्या टेकाडापल्याड नेलं हाकलत."

मी मान खाली घातली. ढेकूळ मी कधी मारलेलं नाही, पण दोन वर्षांपूर्वी याच ओढ्यात, बाभळीची एक काडी मधे येतेय म्हणून दहा पावलं पुढं गेलो होतो. घुबड अर्धवट डोळे मिटून बसलेलं. माझी चाहूल लागली तसे डोळे सताड उघडले, नारिंगी. डोक्यावरची पिसांची शिंगं ताठ झाली आणि अंग आवळून ते खुंटासारखं बारीक झालं. काय पोज दिली, म्हणून मी खूश! ती पोज नव्हती, उडायच्या आधीची घाबरगुंडी होती. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. कुणाला दाखवावासा वाटत नाही.

हे घुबड घरटं बांधत नाही. ओढ्याच्या नाहीतर खाणीच्या कपारीत, उघड्या मातीवर अंडी घालतं. मादी उठली की अंडी उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत. विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमका आपला फिरायचा हंगाम. कपारीत मादी दबून बसलेली दिसली तर त्या बाजूला फिरकूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कळीत करणं 'शिकार' या व्याख्येतच बसवलंय.

या वेळी समोरच्या काठावर, बांधाआड बसलो. मधे साठेक मीटर अंतर, ५०० मिमीची लेन्स, खाली जुनी गोधडी. स्टँडपेक्षा गोधडी बरी, आपण जमिनीलगत राहतो. तासभर काहीच घडलं नाही. एकदा घुबडाने मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि परत डोळे मिटले. डोळे मिटले की समजायचं, अंतर बरोबर आहे.

सव्वासहाच्या सुमारास सूर्य गेला. मग ते कपारीतून वरच्या दगडावर आलं, पुढं झुकलं, आणि "बुऽहूऽ". प्रत्येक हाकेसरशी गळ्यावरचा पांढरा पट्टा फुगायचा. पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. कुणी मोबाईलवर हाक वाजवून त्याला जवळ बोलावतात. त्याच्या लेखी ती हद्दीत घुसलेल्या परक्याची आरोळी असते, आणि ऐन शिकारीची वेळ त्या भांडणात जाते. फ्लॅशबद्दल तर बोलायलाच नको. उजेड संपला की कॅमेरा बॅगेत टाका आणि नुसतं ऐका.

फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मागचा डोंगर? माहितगार माणूस कड्याच्या आकारावरून ओढा काढतो. मी चौकट आवळून घेतो आणि फोटो विणीचा काळ संपल्यावर, पावसाळ्यात टाकतो. घुबडांना धरून विकणारेही असे फोटो बघतात, विशेषतः लक्ष्मीपूजनाच्या आसपास, अंधश्रद्धेपायी घुबडाचा बळी देतात तेव्हा.

घुबडांची नीट ओळख करून घ्यायची असेल तर याच तालुक्यातल्या पिंगोरीची चौकशी करा. इला फाउंडेशनने २०१८ साली तिथं उलूक महोत्सव भरवला होता.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घाला, ओढ्यात फुरसं असतं. परतताना टॉर्च पायापाशीच धरा, कपारीकडं वळवू नका. आणि वस्तीवर चहा घ्या. आबांची सून म्हणाली, घुबड आल्यापासून कणगीपाशी उंदीर कमी झालेत. आबांना ते पटलेलं नाही, ते श्रेय मांजराला देतात.